रिपोर्टमधली लाल ओळ: ऑटोइम्यून आणि रक्ताच्या आजारांच्या तपासण्या कशा वाचायच्या

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सकाळ रक्ताच्या स्लाइड बघण्यात जाते आणि दुपारी अंधाऱ्या खोलीत फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपवर एएनए (पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) वाचते. पेशंटशी माझी गाठ क्वचितच पडते. पडते तेव्हा त्यांच्या हातात बहुधा जाडजूड फाइल असते आणि एखाद्या आकड्याभोवती पेनाने दोनदा गोल केलेला असतो. "मॅडम, हे वाढलंय, म्हणजे नक्की काय झालंय मला?" त्या एका आकड्यावरून मला ते सांगता येत नाही. ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते ते) आणि रक्ताच्या आजारांत एकाच चाचणीवर निदान फार थोड्या वेळा होतं. तक्रार, डॉक्टरांची तपासणी, तीन-चार आकडे आणि स्लाइड एकमेकांशी जुळले की मगच होतं. ही जुळणी मी कोणत्या क्रमाने करते ते इथे लिहिते आहे. निदान आणि उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे ठाऊक असलं, की ती भेट कितीतरी जास्त कामाला येते.

आधी बघायचं, आकडा खरा आहे का

आकड्याशेजारी जी नॉर्मल रेंज छापलेली असते, ती बहुतेक वेळा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांची असते. म्हणजे १०० धडधाकट माणसांतली ५ त्या रेंजच्या बाहेर असणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. म्हणून काहीही त्रास नसताना केलेल्या मोठ्या पॅकेजमधली एकुलती एक, रेंजच्या जेमतेम बाहेरची ओळ बघून झोप उडवून घेऊ नका. रेंज लॅबनुसार, मशीननुसार, वय आणि लिंगानुसार बदलते. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना आकड्याबरोबर रेंजही बघा.

मग येतं सँपल. प्लेटलेटचं उदाहरण घेते, कारण यात माणसं विनाकारण हवालदिल होतात. सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचं, रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्यात ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. काही थोड्या लोकांच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते की ईडीटीए असलं की नळीतल्या नळीत प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात तसं काहीच होत नसतं. मशीन त्या गुठळ्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही आणि रिपोर्ट येतो ३८,००० वगैरे. पेशंट समोर ठणठणीत उभा, अंगावर एक डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही. अशा वेळी स्लाइड काढली की कडेला प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके दिसतात. उपाय सोपा आहे: निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत नव्याने रक्त घ्यायचं आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या नळीतल्या द्रवाने रक्त तेवढं पातळ होतं. प्लेटलेट अचानक कमी आल्या आणि रक्तस्रावाची काही खूण नसेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: "स्लाइडवर पुंजके आहेत का, कुणी बघितलं का?"

दुसरं उदाहरण मला स्वतःला फार आवडतं, कारण यात नळीतला घोटाळाच निदानाचा धागा देऊन जातो. समजा सीबीसी असा आला: हिमोग्लोबिन ९.२, तांबड्या पेशी फक्त १४ लाख, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ११८ आणि एमसीएचसी ५५. एमसीएचसी म्हणजे तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन किती दाटीने भरलंय. पेशीत ते एका मर्यादेपलीकडे मावतच नाही, त्यामुळे ५५ हा आकडा खरा असूच शकत नाही. इथे तांबड्या पेशी थंडीने एकमेकींना चिकटल्यात आणि मशीन चार पेशींच्या गोळ्याला एक मोठी पेशी समजतंय. नळी ३७ अंशांवर गरम करून पुन्हा चालवली की तांबड्या पेशी २९ लाख, एमसीव्ही ९५ आणि एमसीएचसी ३३ असं चित्र येतं. हिमोग्लोबिन मात्र ९.२ च राहतं, म्हणजे रक्तक्षय खराच आहे. पेशी चिकटवणारी ती कोल्ड अॅग्लुटिनिन नावाची अँटिबॉडी त्याला कारण असू शकते. पुढच्या तपासण्या कोणत्या दिशेने न्यायच्या हे इथेच कळतं.

क्रायोग्लोब्युलिनची चाचणी सांगितली असेल तर याच्या उलट धोका असतो. ही प्रथिनं थंडीत साकळतात. नळी घेतल्यापासून सीरम वेगळं होईपर्यंत ३७ अंशांवर ठेवली नाही, तर ती गुठळीबरोबर तळाशी जातात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. घरून गोळा केलेलं, बर्फाच्या पेटीतून आलेलं सँपल या चाचणीसाठी चालत नाही. रक्त लॅबमध्येच जाऊन द्या.

रक्त देण्याआधी आणखी काही गोष्टी सांगायच्या असतात, आणि त्या कुणी विचारत नाही म्हणून राहून जातात. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. थायरॉइडसह अनेक इम्युनोअॅसेमध्ये (अँटिबॉडी वापरून केलेल्या चाचण्यांमध्ये) त्याने आकडे वर किंवा खाली सरकतात. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर हिमोग्लोबिनच्या प्रकारांच्या चाचणीत दात्याचं रक्तही मोजलं जातं. इम्युनोग्लोब्युलिन चढवलं असेल तर दात्यांच्या अँटिबॉडी तुमच्या नावावर दिसू शकतात. स्टेरॉइड, बी-१२ चं इंजेक्शन किंवा लोहाच्या गोळ्या आधीच सुरू झाल्या असतील तर तारखेसह सांगा.

सीबीसी: सगळ्यात साधी आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी चाचणी

लोक हिमोग्लोबिन बघतात आणि पान उलटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे पुरुषांत १३ च्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर रक्तक्षय. पण हे काही निदान झालं नाही. कारण शोधायला पुढची ओळ वाचावी लागते, एमसीव्ही. तांबड्या पेशीचा सरासरी आकार ८० च्या खाली गेला की लोहाची कमतरता, थॅलेसेमियाचं वाहकपण किंवा जुनाट आजारातला रक्तक्षय. १०० च्या वर गेला की बी-१२, फोलेट, यकृत, थायरॉइड, दारू, काही औषधं किंवा अस्थिमज्जेचा आजार.

पेशी लहान असतील तर एक भागाकार करून बघा. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षात) भागा. एमसीव्ही ६२ आणि तांबड्या पेशी ५.८ असतील तर उत्तर १०.७ येतं. याला मेंटझर इंडेक्स म्हणतात. १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमिया वाहकाकडे झुकतं, वर असेल तर लोहाच्या कमतरतेकडे. हा फक्त इशारा आहे. खात्री हिमोग्लोबिनच्या एचपीएलसीने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीने) होते: ए-टू हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाचं वाहकपण. मात्र सोबत लोह फारच कमी असेल तर ए-टू खाली खेचलं जाऊ शकतं आणि वाहकपण निसटतं. म्हणून सीमेवरचा रिपोर्ट आला तर लोह भरून काढून पुन्हा बघावं. लग्न किंवा बाळाचा विचार चालू असेल तर हा मुद्दा बिलकुल सोडू नका.

फेरिटिन हा सापळा आहे. ते लोहाचा साठा दाखवतं, पण शरीरात कुठे दाह असेल तर साठा रिकामा असतानाही ते वर जातं. निरोगी प्रौढांत १५ च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. दाह किंवा जंतुसंसर्ग असताना जागतिक आरोग्य संघटना हीच सीमा ७० वर नेते. संधिवाताच्या पेशंटचं फेरिटिन ४५ आलं आणि शेजारी "नॉर्मल" छापलेलं असलं, तरी सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय) असेल तर जास्त बरं.

गोळ्या नीट घेऊनही लोह वाढत नसेल तर रक्ताचा आणि ऑटोइम्यूनचा रस्ता एकत्र येतो. लहान आतडं लोह शोषत नसेल तर सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) बघावा लागतो: टीटीजी-आयजीए ही त्याची अँटिबॉडी आणि सोबत एकूण आयजीए (अँटिबॉडींचा एक प्रकार). एकूण आयजीएच कमी असेल तर टीटीजी खोटी निगेटिव्ह येते. चाचणीआधी गहू बंद करू नका; ग्लुटेन बंद केलं की अँटिबॉडी ओसरतात आणि पुरावा हातचा जातो. दुसरं कारण जठराचं. तिथल्या पेशींवरच शरीराने हल्ला केला की आधी लोह आणि पुढे बी-१२ कमी पडतं. याच आजाराच्या पुढच्या टप्प्याला पर्निशियस अॅनिमिया म्हणतात. स्लाइडवर अंडाकृती मोठ्या तांबड्या पेशी आणि सहा-सात पाळ्यांच्या केंद्रकाचे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसले की मी फॉर्मवर लिहिते, "बी-१२ आणि इंट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडी बघावी." इंट्रिन्सिक फॅक्टर म्हणजे बी-१२ शोषायला लागणारं जठरातलं प्रथिन. ही अँटिबॉडी आली तर निदान जवळजवळ पक्कं असतं, नाही आली तर आजार नाही असं मात्र म्हणता येत नाही.

पांढऱ्या पेशींत टक्के वाचू नका, प्रत्यक्ष संख्या वाचा. एकूण पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, म्हणजे ८००. टक्के ठीकठाक दिसतात आणि संख्या काळजीची असते. ५०० च्या खाली न्यूट्रोफिल आणि सोबत ताप असेल तर ती तातडीची परिस्थिती असते. लुपसमध्ये (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर हल्ला करणारा ऑटोइम्यून आजार) लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, अनेकदा कमी असतात आणि ती ओळ कुणी बघतच नाही. तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट, तिन्ही एकदम उतरल्या असतील तर बी-१२ पासून अस्थिमज्जेच्या आजारांपर्यंत सगळं डोळ्यांसमोर ठेवावं लागतं, आणि त्यात स्लाइड हवीच. मशीनने "ब्लास्ट" (अस्थिमज्जेतल्या अपरिपक्व पेशी) असा इशारा दिला असेल तर माणसाने स्लाइड बघितल्याचा शेरा रिपोर्टवर आहे का ते तपासा.

रक्त फुटतंय का?

हिमोग्लोबिन कमी आहे, डोळे थोडे पिवळट आहेत, लघवी गडद होते. तांबड्या पेशी वेळेआधी फुटत असतील तर काही खुणा एकत्र दिसतात: रेटिक्युलोसाइट वाढलेले, एलडीएच (पेशी फुटली की बाहेर पडणारं एन्झाइम) वाढलेलं, इनडायरेक्ट बिलिरुबिन (फुटलेल्या पेशींतून बनणारं पिवळं द्रव्य) वाढलेलं, हॅप्टोग्लोबिन (मोकळं हिमोग्लोबिन पकडणारं प्रथिन) घटलेलं. एकटं एलडीएच कामाचं नाही. रक्त काढताना सुईत पेशी फुटल्या तरी ते वाढतं.

रेटिक, म्हणजे रेटिक्युलोसाइट, या नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशी. इथे एक दुरुस्ती करावी लागते. रेटिक ३ टक्के आले आणि हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्का) २४ असेल, तर ३ ला २४ ने गुणून ४५ ने भागा: १.६. वाढलेला वाटणारा आकडा प्रत्यक्षात तोकडा आहे, अस्थिमज्जा गरजेइतकं काम करत नाहीये. तेच रेटिक १२ टक्के असतील तर दुरुस्त आकडा ६.४ येतो. म्हणजे अस्थिमज्जा जोरात काम करतेय आणि पेशी बाहेर कुठेतरी नष्ट होतायत, नाहीतर रक्त वाहून जातंय.

मग प्रश्न, पेशी कोण फोडतंय? इथे डायरेक्ट कूम्ब्ज चाचणी येते. १९४५ मध्ये कूम्ब्ज, मुरंट आणि रेस या तिघांनी तिची मूळ पद्धत मांडली, आणि आजही तिला तोड नाही. तांबड्या पेशीच्या अंगाला अँटिबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट चिकटलंय का, एवढंच ती सांगते. (कॉम्प्लिमेंट म्हणजे अँटिबॉडीला साथ देणारी रक्तातली प्रथिनं; सी-३, सी-४ ही त्यांतलीच.) पॉझिटिव्ह आली तर "आयजीजी (अँटिबॉडींचा एक प्रकार) की सी-३" हे विचारा. आयजीजी असेल तर बहुधा उबदार तापमानाला काम करणारी अँटिबॉडी; फक्त सी-३ असेल तर थंडीत चिकटवणाऱ्या कोल्ड अॅग्लुटिनिनकडे बघायचं. उपचार वेगळे असतात म्हणून हा तपशील महत्त्वाचा. पण कूम्ब्ज पॉझिटिव्ह आणि रेटिक, एलडीएच, बिलिरुबिन सगळं शांत असेल, तर रक्त फुटत नाहीये. काही औषधांनी, आधी चढवलेल्या रक्ताने, कधी काही कारण नसतानाही ती पॉझिटिव्ह येते.

आता जे लिहिते आहे त्यात उशीर चालत नाही. प्लेटलेट खूप कमी, हिमोग्लोबिन कमी, एलडीएच चढलेलं, कूम्ब्ज निगेटिव्ह आणि स्लाइडवर शिरस्त्राणासारख्या, त्रिकोणी, तुटक्या तांबड्या पेशी. याला शिस्टोसाइट म्हणतात. अशी स्लाइड दिसली की मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघत नाही, थेट वॉर्डला फोन लावते. हा टीटीपी असू शकतो, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट संपत जातात तो जीवघेणा आजार. त्यात एडीएएमटीएस-१३ हे एन्झाइम १० टक्क्यांच्याही खाली गेलेलं असतं. त्याचं सँपल उपचार म्हणून प्लाझ्मा (रक्तातला द्रव) बदलण्याआधी घ्यायचं, पण उपचार रिपोर्ट येईपर्यंत थांबवायचे नाहीत. गोंधळल्यासारखं बोलणं, ताप, अंगावर बारीक लाल ठिपके यांबरोबर असा सीबीसी आला तर ओपीडीची अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

ईएसआर आणि सीआरपी

ईएसआरला काही लोक आजाराचं माप समजतात. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच ते आहे. रक्तक्षय, गरोदरपण, वय, वाढलेली प्रथिनं, सगळ्यांनी ते वाढतं. ढोबळ हिशोब असा: पुरुषात वयाच्या निम्मं, स्त्रीत वय अधिक १० याच्या निम्मं. साठीच्या बाईंचं ३५ चालतं.

सीआरपी दाहाबरोबर झटकन वाढतं आणि झटकन उतरतं. दोन्ही एकत्र वाचा. लुपसमध्ये अनेकदा ईएसआर खूप वाढलेलं आणि सीआरपी मात्र जवळजवळ नॉर्मल असतं. त्याच पेशंटचं सीआरपी एकदम चढलं तर जंतुसंसर्ग झालाय का ते आधी बघायचं. पन्नाशीनंतर ईएसआर १०० च्या वर, सीआरपी साधारण, पाठदुखी, रक्तक्षय आणि स्लाइडवर तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या, असं असेल तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं विजेने वेगळी करून बघणारी चाचणी) करून घ्या. त्यात गॅमा भागात रुंद फुगवटा असेल तर अनेक प्रकारच्या अँटिबॉडी वाढल्यात, म्हणजे दाह, जंतुसंसर्ग किंवा यकृत. अरुंद, टोकदार शिखर असेल तर एकाच पेशीकुळाची अँटिबॉडी, आणि मग हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञाकडे, जायचं.

एएनए

या चाचणीने जेवढ्या लोकांना घाबरवलंय तेवढं दुसऱ्या कुठल्या चाचणीने क्वचितच घाबरवलं असेल. ती होते कशी ते आधी सांगते. काचेवर माणसाच्या कर्करोगातून वाढवलेल्या एचईपी-२ पेशींचा थर असतो. त्यावर तुमचं सीरम घालतात. सीरममध्ये पेशीच्या केंद्रकाविरुद्ध अँटिबॉडी असतील तर त्या चिकटतात, आणि वरून चकाकणारा रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी घातली की अंधारात केंद्रकं हिरवी चमकू लागतात. मग सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं, १:४०, १:८०, १:१६०, ३२०. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत चमक दिसते तो टायटर. एका पायरीचा फरक चाचणीच्या स्वभावातच आहे. १:८० चं १:१६० झालं म्हणून आजार वाढला असं होत नाही.

१९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी लोकांतच १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३ टक्के पॉझिटिव्ह आढळले. हे आकडे घेऊन हिशोब करून बघा. समजा काही लक्षण नसलेल्या १,००० माणसांची एएनए केली आणि त्यांत लुपसचा एकच पेशंट आहे. १:८० ला तो एक पॉझिटिव्ह येईल आणि त्याच्याबरोबर सुमारे १३० निरोगी माणसंही. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात असलेल्या १३१ जणांत आजार एकाला. आता उन्हाने उठणारं पुरळ, सुजलेले सांधे, लघवीत प्रथिनं अशा तक्रारींच्या १,००० जणांचा विचार करा, त्यांतल्या समजा ३०० जणांना लुपस आहे. लुपसमध्ये एएनए सुमारे ९८ टक्क्यांत पॉझिटिव्ह असते, म्हणजे २९४. उरलेल्या ७०० मधले ९१ खोटे पॉझिटिव्ह धरले तर ३८५ पैकी २९४ खरे, चारांतले तीन. काच तीच, पेशी त्याच. चाचणी कुणाची केली यावर तिचा अर्थ एवढा पालटतो. नुसत्या थकव्यासाठी किंवा केस गळतात म्हणून एएनए मागवू नये असं मी कळकळीने सांगते ते यासाठीच. तिची खरी ताकद निगेटिव्ह येण्यात आहे: दुसऱ्या गटातल्या ६१५ निगेटिव्ह लोकांत लुपसचे फक्त ६ उरतात.

पॅटर्न वाचताना मी आधी विभाजन होत असलेली पेशी शोधते. तिथे गुणसूत्रं मध्यभागी पट्टीसारखी गोळा झालेली असतात. केंद्रक एकसारखं चमकतंय आणि ती पट्टीही लख्ख हिरवी आहे, तर होमोजिनस. डीएसडीएनए (दुपदरी डीएनए) किंवा हिस्टोन (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिन) यांविरुद्धच्या अँटिबॉडी शोधायच्या. केंद्रकात मोजता येतील असे सुटे ठिपके आणि विभाजनाच्या पेशीत तेच ठिपके पट्टीवर रांगेत, तर सेंट्रोमिअर. थंडीत बोटं पांढरी-निळी पडणाऱ्या पेशंटमध्ये मर्यादित स्क्लेरोडर्माकडे (त्वचा कडक होत जाणाऱ्या आजाराच्या एका प्रकाराकडे) बोट दाखवणारा. दाट बारीक ठिपके आणि सोबत चमकती पट्टी, म्हणजे डीएफएस. दुसरी कुठली अँटिबॉडी नसेल तर तो बऱ्याचदा निरोगी माणसांत दिसतो. साधा "स्पेकल्ड" शेरा सर्वांत जास्त वेळा येतो आणि एकटा सर्वांत कमी सांगतो. तुमची एएनए कुठल्या पद्धतीने झाली हेही विचारा. एलायझाने (रंगाची तीव्रता मशीनवर मोजून) केलेल्या रिपोर्टमध्ये टायटर आणि पॅटर्न नसतात.

एएनए पॉझिटिव्ह आणि तक्रारी जुळणाऱ्या, तरच पुढचं पॅनल. त्यातल्या अँटिबॉडींपैकी डीएसडीएनए आणि एसएम लुपसकडे, एससीएल-७० स्क्लेरोडर्माकडे, जो-१ स्नायूंच्या दाहाकडे, आरओ आणि एलए जोग्रेन (डोळे आणि तोंड कोरडं पडणारा ऑटोइम्यून आजार) आणि लुपसकडे नेतात. डीएसडीएनएचा सीमेवरचा एलायझा आला तर क्रिथिडियावर खात्री करून घेता येते. हा एकपेशीय जीव आहे. त्याच्या शेपटीजवळ शुद्ध दुपदरी डीएनएचा एक गोळा असतो आणि तेवढाच ठिपका चमकला तर अँटिबॉडी खरी. आरओ पॉझिटिव्ह स्त्रीने गरोदरपणात डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. अशा सुमारे २ टक्के गरोदरपणांत बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येतो. एएनए निगेटिव्ह असूनही जो-१ किंवा आरओ पॉझिटिव्ह असू शकतात, त्यामुळे लक्षणं बोलकी असतील तर डॉक्टर ते मुद्दाम मागवतात.

एकदा पॉझिटिव्ह आलेली एएनए पुन्हा पुन्हा करू नका. आजार चढतोय की उतरतोय हे ती दाखवत नाही. त्यासाठी डीएसडीएनए, सी-३, सी-४, सीबीसी आणि लघवी. लघवी मी मुद्दाम लिहिते आहे. रक्ताच्या दहा नळ्या दिल्या जातात आणि लघवीचा डबा राहून जातो. लुपस मूत्रपिंडात शिरल्याची पहिली खूण अनेकदा तिथल्या प्रथिनांत आणि तांबड्या पेशींत असते, आणि तेव्हा पेशंटला काहीच दुखत नसतं.

आरए फॅक्टर आणि सीसीपी

आरए फॅक्टर (आरए म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात) नावाने फसवतो. हेपटायटिस सी, क्षयरोग, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग, जोग्रेन, नुसतं म्हातारपण, सगळ्यांत तो येऊ शकतो. अँटी-सीसीपी ही या संधिवाताची दुसरी अँटिबॉडी जास्त नेमकी. ती रेंजच्या तिप्पट वर असेल आणि हाताचे लहान सांधे सकाळी बराच वेळ आखडलेले असतील तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताच्या तज्ज्ञाकडे) लवकर जा. दोन्ही निगेटिव्ह असूनही संधिवात असतो. सांधा बोटांनी दाबून बघणाऱ्या डॉक्टरांचं मत इथे माझ्या आकड्यापेक्षा वरचढ.

गोठण्याचे आकडे

एपीटीटी (नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) वाढलं की "रक्त पातळ आहे" असं सांगितलं जातं. आधी मिक्सिंग करून बघावं: तुमचा प्लाझ्मा आणि निरोगी प्लाझ्मा निम्मेनिम्मे. आकडा सुधारला तर एखादा फॅक्टर कमी आहे. सुधारला नाही तर गोठण्यात अडथळा आणणारं काहीतरी तुमच्या प्लाझ्मात आहे. ते ल्युपस अँटिकोअॅग्युलंट असेल तर नळीत रक्त उशिरा गोठतं आणि शरीरात उलट गुठळ्या होतात. कमी वयात पायात गुठळी, पक्षाघात किंवा वारंवार गर्भपात झाला असेल तर हीच चाचणी, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन अशा तिन्ही बघतात. जंतुसंसर्गानंतर त्या तात्पुरत्या पॉझिटिव्ह होतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करून तशाच आल्या तरच धरायच्या. हेपरिन, वॉरफरिन किंवा नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना ल्युपस अँटिकोअॅग्युलंटचा रिपोर्ट फसवू शकतो. गोळी मनाने बंद करू नका. औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लॅबला सांगा.

आयटीपीसाठी, म्हणजे शरीरच प्लेटलेट मारतं त्या आजारासाठी, खात्रीची अँटिबॉडी चाचणी नाही. प्लेटलेट १ लाखाच्या खाली, बाकी सीबीसी आणि स्लाइड चांगली, एचआयव्ही, हेपटायटिस सी, औषधं आणि इतर कारणं वगळलेली, असं करत तिथे पोचतात. "अँटिबॉडी सापडली नाही, मग आजार कसा?" असा प्रश्न पेशंट विचारतात. उत्तर एवढंच की इथे निदान वगळत वगळतच होतं.

फाइल आणि फॉर्म

फाइलमधल्या पानांआधी एक कोरा कागद लावा. डाव्या बाजूला तारखा. वर हिमोग्लोबिन, एमसीव्ही, पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट, प्लेटलेट, क्रिएटिनिन, ईएसआर, सीआरपी, लघवीतली प्रथिनं. कोणतं औषध कधी सुरू आणि बंद झालं ते त्याच कागदावर. प्लेटलेट १,६०,००० "नॉर्मल" असतात, पण दोन वर्षांपूर्वी ३,४०,००० आणि मागच्या वर्षी २,३०,००० असतील तर हा उतार फक्त याच कागदावर दिसतो. जुने रिपोर्ट फेकू नका.

आणि रक्ताच्या नळीबरोबर जो फॉर्म लॅबला जातो, त्यावर तक्रारी लिहायला डॉक्टरांना सांगा, किंवा रक्त घेणाऱ्यांना सांगून तुम्ही लिहा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच फॉर्मवर ती जागा कोरी असते. "सीबीसी, एएनए" एवढंच असलं की मी फक्त आकडा आणि पॅटर्न देऊ शकते. "थंडीत बोटं पांढरी पडतात, गिळताना अडकतं" असं लिहिलेलं असलं की विभाजनाची एकेक पेशी शोधून सेंट्रोमिअरचे ठिपके तपासते. "मागच्या आठवड्यापासून लघवी कोकम रंगाची" असं असलं की सीबीसीबरोबर स्लाइड स्वतः काढून बघते, रेटिक लावायला सांगते आणि डॉक्टरांना फोन करून कूम्ब्जसाठी विचारते. लक्षण, ते किती दिवसांपासून आहे, चालू औषधं आणि मागचं निदान, एवढं दोन ओळींत मावतं.